एक-पंचविसांश आकाराचा कायदा: जुना ट्रक-संच जोडता जोडता वाचायचा इतिहास

१९७० च्या सुमारास अमेरिकेतील खेळण्यांच्या दुकानांत एएमटी या कंपनीची एक जाडजूड पेटी विक्रीस आली. पेटीवर लांब नाकाचा, उंच धुराड्यांचा एक ट्रक होता. नाव ‘पीटरबिल्ट ३५९’ आणि बिरुद ‘कॅलिफोर्निया हॉलर’, म्हणजे कॅलिफोर्नियाचा माल वाहणारा. आत चौकटींना लटकलेले प्लॅस्टिकचे सुटे भाग, मऊ काळे टायर, चिकटवायची अक्षरे-चिन्हे आणि जुळणीचे सूचनापत्रक. मूळ ट्रकच्या एक-पंचविसांश आकाराची ही प्रतिकृती.

हा संच आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात सापडतो, आणि नव्या पेट्यांत बांधून तो अधूनमधून पुन्हा विक्रीसही येतो. ज्याने आजवर असा एकही संच जोडलेला नाही, अशा वाचकासाठी हा धागा आहे. गोंद किती लावावा, रंग केव्हा द्यावा, हे ओघात येईलच. परंतु सांगायचे आहे ते निराळेच. ही पेटी म्हणजे विसाव्या शतकातील अमेरिकी वाहतूक-कायद्यांचा एक दस्तऐवज आहे. तो डोळ्यांनी वाचता येत नाही, हाताने जोडत वाचावा लागतो.

आरंभी साधनाची पारख. वि. का. राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान दिला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. येथेही तोच नियम लावावा. पेटीवरचे चित्र ही बखर. त्यात ट्रक नेहमी झगझगीत असतो, आकाश निरभ्र असते, रस्ता रिकामा असतो. आतील प्लॅस्टिक हा अस्सल कागद. कारण ते पोलादी साच्यातून निघते, साचा मापे घेऊन कोरलेला असतो आणि एकदा कोरलेला साचा बदलणे फार खर्चाचे असते. म्हणून चित्रे दर दहा वर्षांनी बदलतात, साचा तोच राहतो. पेटीवर छापलेल्या सनावर मात्र विसंबू नये. तो कधी मूळ साच्याचा असतो, तर कधी पुनर्मुद्रित पेटीचा. नकलेवरचा सन मूळ लेखाचा मानला की काय घोटाळे होतात, ते बखरींच्या वाचकांना ठाऊक आहे.

एएमटी हे ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’चे लघुरूप. १९४८ मध्ये मिशिगन राज्यात, म्हणजे मोटार-उद्योगाच्या अगदी अंगणात, ही कंपनी निघाली. तिचे पहिले काम मुलांसाठी नव्हतेच. फोर्डसारख्या कारखान्यांच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकापुढे ठेवायला नव्या मोटारीची लहान, तंतोतंत प्रतिकृती हवी असे; ती एएमटी पुरवी. नावात ॲल्युमिनियम असले तरी कंपनी लवकरच प्लॅस्टिककडे वळली, आणि १९५८ पासून तिने तशाच मोटारी सुट्या भागांत विकायला आरंभ केला.

इंग्लंडातही गोष्ट याच वळणाने गेली. एअरफिक्स या प्रसिद्ध कंपनीची पहिली प्रतिकृती १९४९ ची, फर्ग्युसन ट्रॅक्टरची, आणि तीही विक्रेत्यांसाठीच केलेली होती. पुढे तोच ट्रॅक्टर सुट्या भागांत विकला गेला. जुळणीला मजूर लागतात आणि मजुरीला पैसा. ते काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातले की कारखान्याचा खर्च वाचतो. आज ज्याला आपण छंद म्हणतो, त्याच्या मुळाशी हा साधा हिशेब आहे. मला तो कधीच हिणकस वाटला नाही, पण तो माहीत असावा.

आता कामाला लागू. पेटी उघडल्यावर पहिली गोष्ट म्हणजे सर्व चौकटी कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवाव्या. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ प्लॅस्टिकवर राहिलेला असतो. त्यावर ना रंग बसतो, ना गोंद. भाग चौकटीवरून ओरबाडून काढू नयेत, बारीक कटरने कापावेत. जुन्या संचांत कडांना प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा आलेला असतो. साच्याचे दोन भाग झिजून त्यांत फट पडली की वितळलेले प्लॅस्टिक तेथे शिरते, त्याची ही खूण. जितका पापुद्रा अधिक, तितका साचा अधिक वापरलेला. कानस आणि पॉलिश पेपर लावून तो काढता येतो, पण काढण्यापूर्वी एकदा नीट पाहून घ्यावा; साच्याचे वय त्यातून कळते.

सूचनापत्रक कोठूनही सुरू होवो, सगळ्या ट्रकचा आधार म्हणजे त्याची चेसी. दोन लांब कड्या, मध्ये आडवे दुवे, शिडीसारखी रचना. नवख्याचा सर्वांत मोठा शत्रू येथेच बसलेला असतो. ही शिडी तसूभर पिळली गेली, तरी शेवटी दहा चाकांतले एक हवेत राहते. म्हणून काचेच्या तुकड्यावर ठेवून, रबरबँड आणि कपड्यांचे चिमटे लावून, गोंद न लावता आधी सर्व भाग जुळवून पाहावेत.

गोंदाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या कामाचा गोंद कागदाच्या गोंदासारखा दोन वस्तूंच्या मध्ये बसत नाही. तो पॉलिस्टायरीन विरघळवतो, दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, आणि द्रव उडून गेला की सलग प्लॅस्टिक उरते. म्हणजे हे चिकटवणे कमी आणि डाग देणे अधिक. अर्थात थेंब जास्त पडला तर भागाचा नक्षीदार पृष्ठभागही विरघळतो. टाचणीच्या टोकाइतका पुरतो.

चेसीखाली पुढे एक धुरा, मागे जवळजवळ दोन. कमानपाटे, डिफरन्शियलचे गोळे, ब्रेकचे डबे. मागच्या दोन धुऱ्यांवर दुहेरी चाके, म्हणजे आठ. पुढची दोन धरून दहा. मागे जोडायच्या ट्रेलरला आणखी आठ. हीच ती अमेरिकेची प्रसिद्ध ‘अठरा चाकी’. अठराच का? वीस का नाहीत, चौदा का नाहीत?

उत्तर कारखान्यात नाही, संसदेत आहे. २९ जून १९५६ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्गांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. ४१,००० मैलांचे आंतरराज्य जाळे उभारायचे आणि खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राने उचलायचा, असे ठरले. केंद्राचा पैसा आला की केंद्राच्या अटीही येतात. एकट्या धुऱ्यावर १८,००० पौंडांहून अधिक भार नको, जोडधुऱ्यावर ३२,००० हून अधिक नको, आणि एकूण वजन ७३,२८० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३३.२ टनांच्या आत हवे. रस्ता आणि पूल फोडणारी गोष्ट एकूण वजनाहून अधिक त्या वजनाची दाटी असते, हे स्थापत्य अभियंत्यांचे गणित त्यामागे होते. १९७४ च्या सुधारणेने जोडधुऱ्याची मर्यादा ३४,००० आणि एकूण मर्यादा ८०,००० पौंड झाली. आता बेरीज करून पाहा. ट्रकचा मागचा जोडधुरा ३४,०००, ट्रेलरचा जोडधुरा ३४,०००, उरले १२,०००. ते पुढच्या एकट्या धुऱ्यावर. तुम्ही टेबलावर जो मागचा जोडधुरा चिकटवत आहात, तो कायद्यातील एका ओळीचा आकार आहे.

यानंतर इंजिन. पीटरबिल्ट ३५९ हा खरा ट्रक १९६७ मध्ये आला आणि १९८७ पर्यंत बनत राहिला. त्यात कमिन्स, कॅटरपिलर किंवा डेट्रॉइट यांचे डिझेल इंजिन मालकाच्या पसंतीने बसवले जाई. कमिन्सचे त्या काळचे लाडके इंजिन सहा सिलिंडर एका ओळीत असलेले, १४ लिटरांचे. इतके लांब इंजिन चालकाच्या पुढे ठेवायचे म्हणजे नाक लांब होणारच. नाक लांब असले की चालक पुढच्या धुऱ्याच्या मागे बसतो, धक्के कमी लागतात, केबिनमध्ये गरमी आणि गोंगाट कमी येतो, आणि दुरुस्तीसाठी इंजिनापर्यंत सहज पोहोचता येते. सर्वांना हवे असेच हे सुख; मग सगळेच ट्रक असे का नव्हते?

एएमटीने पीटरबिल्टचाच दुसरा एक संच काढला होता, ‘३५२ पेसमेकर’. त्याला नाक नाही. चालक थेट इंजिनाच्या डोक्यावर बसतो, समोर सपाट भिंत. अशा ट्रकला अमेरिकेत ‘कॅबओव्हर’ म्हणत. कारखाना एकच, काळ एकच, काम तेच, आणि तोंडे मात्र दोन. हे कोडे सुटले की संपूर्ण संचाचा अर्थ लागतो, म्हणून येथे थोडे थांबू.

त्या काळी ट्रक आणि ट्रेलर मिळून किती लांब असावे, हे प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवी. पूर्वेकडील अनेक राज्यांत ही मर्यादा ५५ फूट होती. पश्चिमेकडे राज्ये विस्तीर्ण, रस्ते सरळ, वस्ती विरळ. तेथे अनेक ठिकाणी ६० ते ६५ फूट चालत. मोजमाप पुढच्या बंपरपासून ट्रेलरच्या शेवटच्या टोकापर्यंत होई. ट्रेलर ४० फुटांचा घेतला, तर ५५ च्या राज्यात पुढे उरतात १५ फूट. ३५९ चे नाक आणि केबिन मिळून साधारण १० फूट, झोपायची खोली ३ फूट, आणि वळताना ट्रेलरचा कोपरा आपटू नये म्हणून मध्ये काही फुटांची मोकळी जागा. बेरीज १५ च्या पुढे जाते. नाक कापले की बसते.

म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्या चालकाचे पाय इंजिनावर, गुडघ्यांशी धग, आणि पुढच्या चाकांच्या माथ्यावर बसून प्रत्येक खड्ड्याचा हिशेब पाठीवर. हे सारे एका विधानसभेने लिहिलेल्या आकड्यामुळे. टेबलावर १५ फूट म्हणजे १८.३ सेंटिमीटर. ट्रेलरचा संच मागे जोडून, त्याच्या समोरच्या भिंतीपासून पुढे पट्टी धरा. लांब नाकाचा ३५९ पट्टीबाहेर डोकावेल. त्याच्या नावात कॅलिफोर्निया का आहे, याचे निम्मे उत्तर येथे मिळते.

उरलेले निम्मे उत्तर १९३५ चे आहे. त्या वर्षीच्या मोटार-वाहतूक कायद्याने ट्रकचा धंदा परवान्यांत बांधला. कोणत्या कंपनीने कोणता माल कोणत्या मार्गाने न्यायचा आणि भाडे काय घ्यायचे, हे सरकारी आयोगाच्या संमतीने ठरे. त्या कायद्यात एक खिडकी मात्र उघडी ठेवली होती. शेतातून निघालेला, प्रक्रिया न केलेला माल नेणाऱ्याला या बंधनांतून सूट होती. डब्यात भरलेल्या टोमॅटोला परवाना लागे, टोपलीतल्या टोमॅटोला लागत नसे. शेतकऱ्यांना स्वस्त वाहतूक मिळावी, हा हेतू. परिणाम असा झाला की, ज्याच्याजवळ परवाना नाही पण कर्ज काढून एक ट्रक घेण्याची हिंमत आहे, अशा माणसासाठी एकच मोठे दार उरले: ताजी भाजी, फळे, धान्य. आणि ताज्या भाजीफळांचे आगर म्हणजे कॅलिफोर्निया. तेथून बर्फगार ट्रेलर भरून निघणारा, स्वतःच मालक आणि स्वतःच चालक असलेला माणूस, हे या पेटीमागचे खरे पात्र आहे.

त्याच्या दृष्टीने पीटरबिल्टची निवड निव्वळ शौक नव्हती. टी. ए. पीटरमन हा वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमाचा लाकूड-व्यावसायिक. डोंगरातून ओंडके उतरवायला मजबूत ट्रक हवेत म्हणून त्याने कॅलिफोर्नियातील ओकलंडचा फॅजिओल हा बुडालेला कारखाना घेतला, आणि १९३९ मध्ये पहिले पीटरबिल्ट बाहेर पडले. १९५८ मध्ये कारखाना पॅसिफिक कार अँड फाउंड्रीकडे गेला. केनवर्थ हा दुसरा नामांकित ट्रक आधीच तिच्याकडे होता. पश्चिमेच्या या कारखान्यांनी ॲल्युमिनियमचा सढळ वापर केला. एकूण वजनाला कायद्याची टोपी असेल, तर ट्रकचे जितके पौंड कमी, तितके पौंड माल अधिक. ॲल्युमिनियमचा भाग महाग पडे, पण तो प्रत्येक खेपेला थोडेथोडे पैसे परत करी.

हे ध्यानात घेऊन संचातील चकचकीत चौकटीकडे पाहा. रेडिएटरची जाळी, बंपर, धुराडी, इंधनाच्या टाक्या. कंपन्यांचे ट्रक सहसा साधे असत. चमक हा स्वतंत्र मालकाचा दागिना होता. प्लॅस्टिकवरची ही चमक निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवून आणलेली असते. थर इतका पातळ की नखानेही जातो, आणि गोंदाला तर तो आत शिरूच देत नाही. म्हणून जेथे सांधा येणार, तेवढीच जागा सुरीच्या पात्याने हलकेच खरवडावी. नवखे हे विसरतात आणि आठवड्याने बंपर गळून पडतो.

आता ती झोपायची खोली. केबिनच्या पाठीमागे लावायची एक छोटी पेटी. खऱ्या ट्रकवर अशी पेटी ३६ इंच खोल असे; एक-पंचविसांश मापात ती ३.७ सेंटिमीटर भरते, जवळजवळ आगपेटीच्या रुंदीइतकी. त्या काळच्या नियमाप्रमाणे चालकाने सलग ८ तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त १० तास गाडी चालवायची होती. पण भाजी थांबत नाही, हप्ता थांबत नाही. आणि विश्रांतीची नोंद चालकानेच आपल्या वहीत करायची. त्या वहीत काय काय लिहिले जाई, ते सांगायला इतिहासकाराची गरज नाही. महिन्याचे तीन आठवडे एका माणसाचे घर म्हणजे ही पेटी.

एएमटीच्या या ट्रक-संचांत सुकाणूचक्र आहे, आसने आहेत, गिअरच्या दांड्या आहेत. चालक नाही. माझ्या मते साधन म्हणून या संचाची ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती सहज झालेली नाही. यंत्र विकत घेणाऱ्या मुलाला आसन रिकामेच हवे असते, त्यावर त्याला स्वतः बसायचे असते. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मावळे मांडतो, कारण किल्ला आपल्याला माणसांसाठी हवा असतो. येथे यंत्रच नायक आहे.

ते यंत्र नायक कसे झाले, याची कथा ऑक्टोबर १९७३ पासून वेगाने पुढे जाते. अरब राष्ट्रांनी तेल रोखले. डिझेल महागले, आणि पंपांवर मापून मिळू लागले. वेग घटला तर तेल वाचेल म्हणून २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा आणणाऱ्या कायद्यावर सही केली. तशी मागणी त्यांनी आधीच्या नोव्हेंबरातच केली होती. मैलामागे कमावणाऱ्या माणसाला मंद वेग म्हणजे थेट कमी मिळकत. डिसेंबर १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील आय-८० या महामार्गावर आणि पाठोपाठ इतर राज्यांत स्वतंत्र चालकांनी ट्रक रस्त्यात उभे करून वाहतूक अडवली. ना संघटना, ना पुढारी. निरोप गेला तो ‘सीबी’ या अल्प पल्ल्याच्या रेडिओवरून.

तो रेडिओ आणि तो ट्रक मग घराघरांत पोहोचला. १९७४ ते १९७६ या काळात ‘मूव्हिन ऑन’ ही ट्रकचालकांची दूरचित्रवाणी मालिका चालली, आणि तिच्यातील केनवर्थ ट्रकचा संच एएमटीने त्याच नावाने विकला. जानेवारी १९७६ मध्ये सी. डब्ल्यू. मॅकॉल यांचे ‘कॉनव्हॉय’ हे सीबीवरच्या संभाषणाचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही सीबीवर ‘फर्स्ट मामा’ असे नाव घेतले होते! ज्या माणसांनी तेलाच्या टंचाईत रस्ते अडवले, ती दोन वर्षांत लोकगीतातील वीर झाली. अशा वीरांचे वाहन मुलांना हवे असणारच, आणि ते देणारा साचा एएमटीकडे तयार होता. पुढच्या काळातील पेट्यांचे भडक रंग, वळणदार पट्टे या लाटेतले आहेत. मूळ चेसीचे प्लॅस्टिक मात्र गाण्याआधीचे आहे. साधनातील असे थर वेगळे काढता आले पाहिजेत.

पट्ट्यांचा विषय निघालाच आहे, तर जुन्या चिकटचित्रांविषयी थोडे. पन्नास वर्षांत त्यांचा पारदर्शक थर पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. पाण्यात टाकताच तुकडे होतात. कडेचा एखादा बिनमहत्त्वाचा तुकडा आधी भिजवून परीक्षा घ्यावी. फुटत असेल तर संपूर्ण कागदावर पारदर्शक वार्निशचा पातळ हात द्यावा, वाळू द्यावा, मग प्रत्येक चित्र वेगळे कापून भिजवावे. पिवळेपणा उतरवण्यासाठी काही जण कागद खिडकीच्या काचेला लावून उन्हात ठेवतात; त्याने बराच फरक पडतो.

टायरांचा प्रकार अधिक गमतीचा, आणि पेटीत सर्वांत जास्त नासधूसही तेच करतात. व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. ते हळूहळू बाहेर येते आणि शेजारी पॉलिस्टायरीन असेल तर त्यास खाते. जुनी पेटी उघडली आणि बॉनेटवर टायरची नक्षी उमटलेली दिसली, तर समजावे की दोघे अनेक वर्षे एकमेकांना टेकून होते. जोडलेल्या प्रतिकृतीतही हे चालूच राहते. म्हणून चाक आणि टायर यांच्यामध्ये रंगाचा एक थर असावा, आणि पेटी मिळताच टायर वेगळ्या पिशवीत काढावेत.

या संचातील कायदा पुढे कसा मोडीत निघाला? १ जुलै १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी नव्या मोटार-वाहतूक कायद्यावर सही केली आणि परवान्यांचे बंधन मोठ्या प्रमाणात सैल झाले. ज्या स्वतंत्र चालकांना चाळीस वर्षे दार बंद होते, त्यांना ते उघडले. पण त्याच दारातून हजारो इतरही आत आले. भाडी पडली. परवानाधारक जुन्या कंपन्या बुडाल्या, टीमस्टर्स ही चालकांची बलाढ्य संघटना या धंद्यात खिळखिळी झाली, आणि चालकांची खरी मिळकत घसरत गेली. स्वातंत्र्य मागणाऱ्याला ते मिळाले, आणि भाकरी लहान झाली. यात सरकारचा दोष किती, बाजाराचा किती, यावर अमेरिकेत अजून वाद आहेत. माझा कल असा की, १९३५ च्या खिडकीतून जो माणूस घडला, त्याचे वेगळेपण भिंत उभी असेपर्यंतच होते.

दुसरा घाव आकारावर पडला. १९८२ मध्ये संमत झालेल्या आणि जानेवारी १९८३ मध्ये सही झालेल्या कायद्याने राज्यांना सांगितले, की प्रमुख महामार्गांवर संपूर्ण गाडीची लांबी मोजू नका. फक्त ट्रेलर मोजा, आणि ४८ फुटांपर्यंतचा ट्रेलर अडवू नका. एका रात्रीत नाकाला किंमत उरली नाही. नाक कितीही लांब असो, कोणी मोजणार नव्हते. सुख फुकट झाल्यावर अस्वस्थ आसनावर कोण बसेल? पुढील काही वर्षांत लांब पल्ल्याच्या अमेरिकी रस्त्यांवरून कॅबओव्हर ओसरत गेला. युरोपात एकूण लांबी मोजणे चालूच राहिले, म्हणून तेथील लांब पल्ल्याचे ट्रक आजही सपाट तोंडाचे दिसतात.

त्याच कायद्याने रुंदीही वाढवली, ९६ इंचांवरून १०२. एक-पंचविसांश मापात ९६ इंच म्हणजे ९.७५ सेंटिमीटर, आणि १०२ म्हणजे १०.३६. फरक सहा मिलिमीटर. १९७० च्या दशकातला ४० फुटी ट्रेलर-संच जोडून झाला की त्याची लांबी ४८.८ सेंटिमीटरच्या आसपास आणि रुंदी पावणेदहाच्या आसपास मिळते का, ते पट्टीने पाहावे. संच करणाऱ्यांनी साच्याच्या सोयीसाठी येथे-तेथे थोडी सवलत घेतलेली असते. एक-दोन मिलिमीटरांवरून निष्कर्ष काढू नयेत. सहा मात्र पुष्कळ झाले.

साच्यांचाही पुढे प्रवास झाला. १९७८ मध्ये एएमटी ‘मॅचबॉक्स’ मोटारी करणाऱ्या लेस्नी या इंग्रजी कंपनीकडे गेली. १९८२ मध्ये लेस्नीच दिवाळखोर झाली. मग आयोवा राज्यात शेतीयंत्रांची खेळणी करणाऱ्या अर्टलने एएमटी घेतली, आणि आता ती राउंड टू या कंपनीकडे आहे. खरा ३५९ देखील १९८७ मध्ये थांबला आणि त्याच्या जागी ३७९ आला. नाक लांबच ठेवून.

पहिला संच म्हणून कोणता घ्यावा, असे कोणी विचारले तर मी ३५९ सांगेन. भाग मोठे आहेत आणि चुका झाकतात. पण दोन्ही मिळाले, तर ३५९ आणि ३५२ शेजारी शेजारी जोडावेत. चेसी दोघांच्या आधी कराव्यात, केबिन शेवटी. केबिन बसेपर्यंत दोन्ही ट्रक ओळखीचे भाऊ वाटतात. पट्टी जवळ असू द्यावी.